रक्ताची काटकसर

माझ्या हाताखालून शिकून गेलेला एक मुलगा लोणार-मेहकर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवितो. वर्गात असताना त्याने मला कधी एकही प्रश्न विचारला नाही. मी विचारीत असे आणि तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा राही. गेल्या वर्षी मात्र त्याने मला फोनवरून एक प्रश्न विचारला, आणि अंगठ्याकडे पाहण्याची पाळी माझ्यावर आली.

झाले ते असे. आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, चढण चढताना छातीत कळ येऊ लागली. तपासण्या झाल्या, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या तीन वाहिन्या जागोजाग बुजल्या असल्याचे निघाले आणि बायपासची शस्त्रक्रिया ठरली. असल्या कामासाठी आम्हा लोणारकरांना मोठे शहरच गाठावे लागते. आम्हीही गाठले. दादांना भरती केले त्याच दिवशी रक्तपेढीतून निरोप आला : चार रक्तदाते आणा. मी गावी फोन केला. त्या मुलाने त्या दिवसाचे प्रवासी सोडून दिले, जीपमध्ये गावातली माणसे घातली आणि पहाटे निघून तो सकाळी रुग्णालयाच्या दारात हजर झाला. सहा जण आले होते. एकाचे वजन पंचेचाळीस किलोच्या आत भरले, दुसऱ्याचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघाले. दोघेही परीक्षेत नापास झाल्यासारखे तोंड करून बाहेर बाकावर येऊन बसले. बाकीच्या चौघांनी रक्त दिले. त्यांत तो होता. भाडे त्याने घेतले नाही. "दादासाठी आलो जी," एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पाच तासांनी भूल देणारे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. रक्ताची एकही पिशवी लागली नाही."

माझा आनंद मावेना. मी लगेच गावी फोन लावला आणि आनंदाच्या भरात ते शेवटचे वाक्यही सांगून टाकले. पलीकडे थोडा वेळ नुसता जीपच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मंग माहं रक्त कोणाले देलं, गुरुजी?"

मला सांगता येईना. तोच पुढे म्हणाला, "वाया गेलं म्हना की."

त्या आवाजातील खट्टूपण मी अजून विसरलो नाही. त्याने रक्त दिले ते दादांना. दादांच्या अंगात आपले रक्त खेळते आहे असे त्याने मनात धरले होते, आणि तसे धरण्याचा त्याला हक्क होता. आता ते रक्त कोठे तरी शीतकपाटात, अनोळखी पिशव्यांच्या रांगेत पडले होते. देणाऱ्याने प्रेमाने दिलेले घेणाऱ्याने न वापरणे हा देणाऱ्याचा अव्हेर तर नव्हे? आपल्याकडे पाहुण्याने ताटातला लाडू तसाच ठेवला तर घरच्या बाईला वाईट वाटते. येथे तर लाडू नव्हता, रक्त होते.

हा प्रश्न मनात घोळत असतानाच त्याला दुसरी बाजू फुटली. दादांच्या शेजारच्या खाटेवर एक शेतकरी गृहस्थ होते. त्यांच्या मेहुण्यांची अशीच शस्त्रक्रिया दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात झाली होती. वय दादांएवढेच, वाहिन्याही तीनच. त्यांना पाच पिशव्या रक्त चढविले होते. एकाला पाच आणि एकाला शून्य! मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठून विचारले. माणूस तरुण होता, पण उत्तर जपून देणारा होता. तो म्हणाला, "त्यांची प्रकृती मला ठाऊक नाही, त्यामुळे त्या रुग्णाबद्दल मी बोलणार नाही. पण गुरुजी, रक्त किती द्यायचं ही पुष्कळदा ज्या त्या ठिकाणची रीतही असते."

रीत! लग्नात आहेर किती करायचा याची रीत असते, हे मला माहीत होते. माणसाच्या अंगात दुसऱ्याचे रक्त किती घालायचे याचीही रीत असते, हे मी प्रथमच ऐकले. पुढे वाचू लागलो तेव्हा कळले की त्या तरुणाने काही अतिशयोक्ती केली नव्हती. अमेरिकेत २००८ साली झालेल्या एक लाखाहून अधिक बायपास शस्त्रक्रियांचा हिशेब २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला निदान शंभर शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये निवडून पाहिले, तर एका टोकाला शंभरांतील ७.८ रुग्णांना तांबड्या पेशी चढविल्या गेल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला ९२.८ रुग्णांना. रुग्णांच्या वयातला, आजारातला फरक जमेस धरूनही ही दरी भरून निघाली नाही. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच शस्त्रक्रियेला एका दारात बहुतेक कोणालाच रक्त लागत नाही आणि दुसऱ्या दारात बहुतेक सर्वांनाच लागते. याचा अर्थ उघड आहे. ज्याला आपण गरज म्हणतो, तिच्यात सवयीचा वाटा फार मोठा आहे.

ही सवय लागली कशी, हेही समजण्यासारखे आहे. हृदय उघडायचे तर ते थांबवावे लागते, आणि ते थांबले असताना त्याचे व फुप्फुसांचे काम कोणी तरी करावे लागते. १९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी ते काम यंत्राकडून करवून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी मिनिआपोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी एक विलक्षण मार्ग काढला. यंत्राऐवजी त्यांनी माणूसच वापरला. लहान मुलाच्या शेजारी त्याच्या बापाला निजविले, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या आणि मुलाचे हृदय दुरुस्त होईपर्यंत बापाच्या हृदयाने दोघांचे रक्त फिरविले. ते पहिले मूल पुढे थोड्याच दिवसांत न्युमोनियाने गेले. पण याच रीतीने चाळीसहून अधिक मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि निम्म्याहून अधिक मुले बरी होऊन घरी गेली. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. आपण आपल्या मुलांना शिबी राजाची गोष्ट सांगतो. कबुतराच्या भारंभार मांस कापून देणाऱ्या राजाचे मुलांना नवल वाटते, आणि थोडे खोटेही वाटते. त्यांना या बापाची गोष्ट सांगायला हवी.

यंत्रे सुधारली तेव्हा बापाला खाटेवर निजण्याची गरज उरली नाही. पण सुरुवातीची यंत्रे फार तहानलेली होती. त्यांच्या नळ्या आणि टाकी भरायलाच कित्येक बाटल्या रक्त लागे. ते ताजे हवे म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी रक्तदात्यांची रांग लावावी लागे. हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे रक्ताचा पूर, ही समजूत तेव्हाची. पूर ओसरला, समजूत राहिली.

तो ओसरला कसा, ही हकीकत मला सर्वांत उद्बोधक वाटते. यहोवाचे साक्षीदार नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. दुसऱ्याचे रक्त अंगात घेणे त्यांना धर्माने निषिद्ध. अशा माणसाच्या हृदयाला दोष निघाला तर शल्यविशारदाने काय करावे? पुष्कळांनी हात जोडून त्यांना परत पाठविले असेल. ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी मात्र १९६० नंतरच्या वर्षांत अशा रुग्णांना हाती घेतले. यंत्र रक्ताने भरण्याऐवजी साखरेच्या निर्जंतुक पाण्याने भरले, आणि रुग्णाचे स्वतःचे रक्त पातळ होऊनही देह ते सहन करतो हे दाखवून दिले. १९७७ साली कूली व त्यांचे सहकारी यांनी अशा ५४२ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकीतही दुसऱ्याच्या रक्ताचा थेंब वापरलेला नव्हता. सगळेच रुग्ण वाचले असे नाही. निव्वळ रक्तस्रावाने दगावलेले तिघे त्या वृत्तान्तात नोंदलेले आहेत. त्यांची श्रद्धा मला पटत नाही. माझ्या मुलाला रक्ताची गरज पडली तर मी कोणत्याही ग्रंथाला विचारायला जाणार नाही. परंतु ज्यांना आपण हट्टी म्हणतो, त्यांच्या हट्टामुळे शल्यविशारदांना स्वतःला एक प्रश्न विचारावा लागला. रक्त मिळणारच नाही असे धरून चाललो, तर माझा हात किती जपून चालेल? त्या प्रश्नाच्या उत्तराचा लाभ आज आमच्या दादांना मिळाला.

आपल्याकडे अशाच पेचातली आणखी काही माणसे आहेत. श्रद्धेमुळे नव्हे, जन्मानेच. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अपूर्व रक्तगट शोधून काढला. त्याला जगभर 'बॉम्बे' रक्तगट असेच म्हणतात. आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचा असा गट असतो. नेहमीच्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण ओ गटाचे रक्त त्याला चालत नाही; त्याला त्याच्याच गटाचे रक्त हवे. त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावयाची म्हणजे थेंब थेंब मोजणे आलेच. ज्याला रक्त मिळणे दुष्कर, त्याच्यासाठी सर्व जण जपून वागतात. मग ज्याला ते सहज मिळते त्याच्यासाठी का वागू नये?

जपून वागणे म्हणजे नेमके काय, हे त्या तरुण डॉक्टरांनी मला चहाच्या एका पेल्यावर समजावून दिले. मी शाळामास्तर, त्यामुळे मला धडा घेण्यापेक्षा देण्याची सवय अधिक; पण त्या दिवशी मी चांगला विद्यार्थी होतो. काम शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू होते. रुग्णाच्या रक्तात लोह कमी असेल आणि सवड असेल, तर आधी ते भरून काढायचे. (ही गोष्ट आपल्या बायकांच्या बाबतीत किती महत्त्वाची! २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे दिसले. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते तीच मुळी गाठ सोडून झालेल्या पिशवीनिशी.) मग रक्त पातळ ठेवणारी काही औषधे ठरावीक दिवस आधी थांबवायची. तपासणीसाठी रक्त काढतानाही लहान नळ्या वापरायच्या, कारण रोजचे चमचा चमचा काढलेले रक्त आठवड्यात वाटीभर होते.

शस्त्रक्रिया चालू असताना ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचे औषध देतात. झालेली गुठळी लवकर विरघळू नये असा त्याचा गुण. जपानमधील उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२ मध्ये जगापुढे आणले. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात ही बाईंची मूळ तळमळ होती. जखमेत साचलेले रक्त फडक्याने टिपून फेकण्याऐवजी ते ओढून घेणारे, धुणारे आणि त्यातील तांबड्या पेशी त्याच रुग्णाला परत देणारे यंत्र असते. त्याला सेल सेव्हर म्हणतात. शेवटी हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांत उरलेले रक्तही टाकून न देता परत करायचे. आपल्या देशात पुष्कळ शल्यविशारद तर बायपास करताना ते यंत्र वापरीतच नाहीत. हृदय चालू ठेवूनच टाके घालतात.

"आणि या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे छाती बंद करण्यापूर्वी सर्जननी उभं राहून पाहणं. कुठं बारीकसं झिरपतंय का, ते शोधायचं. पाच तास उभं राहिल्यावर आणखी अर्धा तास. सगळ्यांना घरी जायचं असतं. अशा वेळी रक्तपेढीत चार पिशव्या आपल्यासाठी ठेवल्यात हे माहीत असलं ना, की पाय लवकर दुखायला लागतात."

हे वाक्य मला कोणत्याही नीतिग्रंथापेक्षा जास्त शिकवून गेले. आमच्या त्या पोराने पहाटे उठून दिलेली पिशवी अशा रीतीने कोणाच्या तरी अर्ध्या तासाची भरपाई होऊ शकते. रक्त विकत मिळत नाही, मिळू नये असा आपला कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची परंपरा १९९८ पासून बंद झाली. रुग्णालाही पैसे पडतात ते तपासणीचे आणि साठवणुकीचे. हे योग्यच झाले. परंतु त्यातून एक चमत्कारिक गोष्ट उद्भवते. रक्त धुऊन परत देणाऱ्या यंत्राची एकदाच वापरायची नळ्यांची पेटी महाग पडते, आणि माणसाचे रक्त स्वस्त पडते. जे अमोल म्हणून किंमत लावायची नाही असे आपण ठरविले, त्याची हिशेबाच्या वहीत किंमत नसल्यामुळेच ते सढळ हाताने ओतले जाते. दान देणाऱ्याने किंमत घेतली नाही, याचा अर्थ त्या वस्तूला किंमत नाही असा घेणे, हा दानाचा सर्वांत मोठा अपमान नव्हे काय?

मात्र येथे मला स्वतःलाच थांबवावेसे वाटते. काटकसरीचे गोडवे गाणे सोपे असते, आणि काटकसर हा शब्द फार लबाड आहे. आमच्या आईची काटकसर मी पाहिली आहे. दिवाळीच्या फराळाला करडीचे तेल ती मापाने काढी. तळणीचे उरलेले तेल पुढे भाजीला पुरवी. पणत्यांत वाती बारीक वळून घाली. पण आमच्या वाट्याची करंजी कधी कमी झाली नाही. कमी झाली ती तिच्या ताटातली. आणि दुसरी काटकसर मी एका शाळेच्या भिंतीत पाहिली. ठेकेदाराने सिमेंटात बचत केली होती. तिची झळ त्याला लागली नाही. पावसाळ्यात ती भिंत ज्या मुलांच्या बाकांशेजारी खचली, त्यांना लागली. दैवाने तेव्हा मधली सुटी होती. शब्द एकच, वस्तू दोन. काटकसर भली की बुरी हे पाहायचे तर किती वाचविले हे मी विचारीत नाही. वाचविल्याचे मोल कोणी दिले, हे विचारतो.

याच कसोटीवर रक्ताची काटकसर लावून पाहू. शल्यविशारद अर्धा तास जास्त उभा राहतो, भूलतज्ज्ञ प्रत्येक पिशवीआधी पुन्हा तपासतो, रुग्णालय यंत्रावर पैसा खर्च करते. येथे मोल वाचविणारा देतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन खाली उतरत आहे, चेहरा पांढरा पडला आहे, आणि आम्ही रक्त जपतो म्हणून कोणी हात आखडता घेतला, तर? तेव्हा मोल तो निजलेला माणूस देतो. ही भीती मनाने कल्पिलेली नाही. इंग्लंडात सुमारे दोन हजार हृदयरुग्णांवर झालेली एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाताच रक्त दिले, अर्ध्यांना साडेसातच्या खाली गेल्यावर. जंतुसंसर्गासारख्या ज्या मुख्य गोष्टींची तुलना करायची होती त्यांत फरक दिसला नाही. पण तीन महिन्यांतले मृत्यू मोजले तेव्हा पहिल्या गटात शंभरी २.६ आणि जपून रक्त दिलेल्या गटात ४.२ निघाले. जपणाऱ्यांचे मन चरकले असेल. कोणी म्हणाले, हा आकड्यांचा योगायोग असेल. योगायोग असेलही, पण कोणाच्या जिवावर तो अजमावायचा?

तो प्रश्न त्यांनी टाळला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. अधिक मोठी पाहणी योजिली गेली : १९ देश, ७३ रुग्णालये, पाच हजारांच्या आसपास रुग्ण. २०१७ साली निष्कर्ष आला. साडेसातपर्यंत थांबलेल्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरी ३.०, आणि अधिक सढळपणे रक्त दिलेल्यांत ३.६. थांबल्याने नुकसान झाले नव्हते. रक्त मात्र पुष्कळ वाचले होते. सढळ गटात शंभरांतील ७२ जणांहून अधिकांना रक्त द्यावे लागले, दुसऱ्या गटात ५२ जणांना. तरीसुद्धा हा आकडा काही मनूचे वचन नव्हे. ज्याला हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला आहे त्याच्या बाबतीत इतके थांबू नये, अशी शंका पुढील अभ्यासांनी उपस्थित केली आहे. म्हणजे शेवटी कोणीतरी खाटेपाशी उभे राहून, त्या एका माणसाकडे पाहूनच ठरवावे लागते. एक पिशवी द्यावी, पुन्हा पाहावे, मग दुसरीचा विचार करावा. जोडीनेच पिशव्या देण्याची जुनी रीत होती. ती मोडायला इतके आकडे लागले.

आणि रक्त देणे ही काही नुसती उपकाराची बाब नाही, हेही मला नव्याने कळले. "दुसऱ्याचं रक्त चढवणं म्हणजे एक लहानसं अवयवरोपणच आहे," असे त्या तरुणाने मला सांगितले. गट जुळला तरी ते परकेच. ताप येऊ शकतो, फुप्फुसांना सूज येऊ शकते, सर्व तपासण्या करूनही रोगाची यत्किंचित शंका उरतेच. प्राण वाचत असतील तर हे सारे क्षुल्लक. पण प्राणांचा प्रश्न नसताना, नुसत्या रिवाजाखातर हे कोणाच्या अंगात का घालावे? म्हणजे वाचविलेली पिशवी देणाऱ्याचा मान राखते आणि घेणाऱ्याचे कल्याणही करते. एका कृतीत दोघांचे हित साधावे असे प्रसंग जगात फार नसतात.

राहिला प्रश्न वाचविलेल्या पिशवीचा. सोने राखून ठेवता येते, धान्य पेवात घालता येते. रक्त राखता येत नाही. तांबड्या पेशी थंडाव्यात पस्तीस दिवस टिकतात, विशिष्ट द्रव घातला तर बेचाळीस. प्लेटलेट्स तर पाचच दिवस. त्यामुळे येथे काटकसर म्हणजे साठा नव्हे. ती चालू असलेल्या हाताची शिस्त आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका मांडवात शेकडो पिशव्या गोळा होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि महिन्याभराने त्यांतल्या काही मुदत टळून जाळल्या जातात. २०१७ साली माहितीच्या अधिकारात जे आकडे बाहेर आले, त्यांप्रमाणे त्याआधीच्या पाच वर्षांत देशात अठ्ठावीस लाखांहून अधिक पिशव्या टाकून द्याव्या लागल्या, आणि टाकणाऱ्यांत आपले राज्य पुढच्या रांगेत होते. उलट मे महिन्याच्या सुटीत आणि ऐन दिवाळीत, महाविद्यालये बंद आणि माणसे गावोगाव पांगलेली असताना, दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांचे आईबाप दारोदार हिंडत असतात. हा अंक आपल्या हातात असेल तेव्हाही ते हिंडत असतील. त्या मुलांना काटकसर सांगता येत नाही. त्यांना रक्त हवेच. शस्त्रक्रियागृहात वाचलेली पिशवी मुदतीच्या आत त्यांच्यापर्यंत गेली, तरच ती वाचली.

दादांना घेऊन आम्ही लोणारला परतलो. आठवड्याने मी त्या मुलाला गाठले. तो धारेपाशी, गोमुखाच्या पाण्याने हातपाय धूत होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्या सरोवराच्या काठावर ही गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते, आणि खाली जाऊन खाऱ्या पाण्याला मिळते. त्या वाडग्यासारख्या विवरात आलेले पाणी बाहेर पडायला वाट नाही. ते उन्हानेच काय ते उडून जाईल. लवणासुराला विष्णूने येथे मारले, आणि सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, अशी आमच्याकडची जुनी कथा. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा ही कथा पुन्हा तोंडोतोंडी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. म्हातारी माणसे म्हणाली, असेल.

मी त्याला पायरीवर बसविले आणि सांगितले, की त्याच्या पिशवीचे बहुधा तीन भाग केले असतील. तांबड्या पेशी एकाला, प्लेटलेट्स दुसऱ्याला, रक्तद्रव तिसऱ्याला. कोणी तरी बाळंतीण असेल, कोणी अपघातातला. नावे कोणी सांगणार नाही आणि आपण विचारायची नाहीत. दादांना ते लागले नाही, कारण तेथील माणसे अर्धा तास जास्त उभी राहिली. त्यांनी तुझे रक्त नाकारले नाही, जपले.

तो ऐकत होता. त्याचे समाधान झाले की नाही, ते मला कळले नाही. माझे स्वतःचेही पुरते झाले आहे असे मी म्हणणार नाही. माझ्यासाठी दिलेले माझ्याच माणसाला लागावे ही ओढ काही युक्तिवादाने सुटत नाही, आणि ती सुटावी असेही मला वाटत नाही. तीच ओढ नसती तर तो पहाटे उठला नसता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "परत कव्हा देता येते, गुरुजी?"

"पुरुषांना नव्वद दिवसांनी," मी म्हणालो. "बायकांना एकशेवीस."

त्याने बोटांची पेरे मोजली. "म्हंजे दिवाळीच्या आत बसते," असे म्हणून तो उठला, ओले हात शर्टाला पुसले आणि वर रस्त्यावर उभ्या असलेल्या जीपकडे जात जात त्याने हाळी दिली, "चला, मेहकर! मेहकर!"